नवरदेवाचा पोशाख आणि मंडपाची शोभा

(मंडळाच्या चिखली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा विषय आहे, वसतिगृहाच्या इमारतीचा विषय आहे, वधूवर-परिचयाचाही विषय आहे. त्यांच्या पंक्तीस ‘नवरदेवाने व त्याच्या पाठराख्यांनी लग्नात काय ल्यावे’ हा विषय पाहून कित्येकांच्या मुखावर स्मित उमटले असेल. वस्त्रांची चर्चा दुकानाच्या गादीवर व्हावी, सभेच्या व्यासपीठावर तिचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील लग्नांकडे जो डोळसपणे पाहील, त्यास हा विषय क्षुल्लक वाटणार नाही. नवरीच्या शालूवर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. परंतु वराकडील पोशाखाचा खर्च मागील दाराने घरात शिरला आणि कोणी न पाहता ओटीवर येऊन बसला. म्हणून त्याविषयी चार शब्द मोकळेपणाने बोलण्याची अनुज्ञा आपणांकडे मागतो.

आपल्या मुलखाचे नाव वऱ्हाड, आणि लग्नास निघालेल्या मंडळींसही मराठी भाषा वऱ्हाडच म्हणते. तेव्हा वऱ्हाडाने कसे नटावे हे ठरविण्याचा अधिकार वऱ्हाडातील माणसास नसेल तर कोणास असेल?

प्रथम आपली जुनी रीत काय होती ते पाहू. आपल्याकडे वराचा पोशाख एक नव्हता, दोन होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. एक विधीचा आणि दुसरा मिरवण्याचा. विधीचा पोशाख म्हणजे न शिवलेले वस्त्र. पीतांबर, मुकटा अथवा स्वच्छ धूतवस्त्र कमरेला, खांद्यावर उपरणे किंवा शेला, आणि कपाळी मुंडावळ्या. होमासमोर बसावयाचे ते ह्या वेषाने. मिरवण्याचा पोशाख मात्र काळाप्रमाणे बदलत गेला. कधी बाराबंदी किंवा अंगरखा आणि डोक्यास पागोटे अथवा रुमाल. पुढे इंग्रजी अमदानीत धोतरावर कोट आणि पगडी किंवा फेटा. त्यानंतर काळी अथवा जरीची टोपी. आणि शेवटी पाटलोण, कोट व गळपट्टी. समाजशास्त्राचे नामवंत अभ्यासक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोशाख हा समाजाच्या अभ्यासाचा गंभीर विषय होऊ शकतो, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

बाशिंगाची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. कागद, भेंड आणि बेगड ह्यांचे ते हलके भूषण आपल्या खेड्यापाड्यांतील नवरदेवाचा खरा मुकुट होते. त्यास मोल फारसे नव्हते, मान मात्र मोठा होता. कार्य उरकल्यावर ते घराच्या आढ्यास बांधून ठेवीत, आणि पुढे अनेक वर्षे ते पाहून घरच्या बाया ‘हे अमक्याच्या लग्नातले’ असे सांगत. उतावळ्या माणसास आपण ‘गुडघ्याला बाशिंग बांधलेला’ म्हणतो, एवढी ती वस्तू भाषेत मुरलेली आहे. स्वस्त वस्तूला समाजाच्या संमतीने मोठा मान देता येतो, ही बाशिंगाची शिकवण आहे. माझ्या पुढील सर्व म्हणण्याचा पाया तोच आहे.

कोणी म्हणतील, जुने ते सारे गेले, आता शेरवानीचे दिवस आहेत. शेरवानीशी माझे वैर नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील आणि हैदराबादच्या दरबारी मंडळींत रूढ झालेला हा वेष आहे. आपले वऱ्हाड १८५३ साली निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारात गेले, १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाले. परंतु चिखलीहून देऊळगावराजावरून जालन्यास जाणारा माणूस १९४८ पर्यंत निजामाच्याच मुलखात शिरत असे. तेव्हा शेरवानी पाहण्याचे आपणांस नावीन्य नव्हते. नवीन आहे ती तिची सक्ती. चित्रपटांत पाहिलेला, छायाचित्रांत खुलून दिसणारा वेष म्हणजेच लग्न, आणि तो नसेल तर लग्न फिके, ही समजूत अगदी अलीकडची आहे.

ह्या समजुतीबरोबर एक दुसरा पाहुणा आला. तो म्हणजे पाठराख्यांचा एकसारखा पोशाख. पूर्वी नवरदेवाच्या बाजूस करवला असे, मागे मामा उभा असे, वधूचा भाऊ कानपिळ्या म्हणून येई आणि वराचा कान पिळून फेट्याचा वा वस्त्राचा मान घेऊन जाई. प्रत्येकाचे नाते निश्चित आणि मानही निश्चित. आता नवरदेवाचे आठदहा मित्र व चुलतभाऊ एका रंगाच्या कापडाचे, एका शिलाईचे, एका तऱ्हेचे जाकीट घालून उभे राहतात. हळदीस एक रंग, लग्नास दुसरा, स्वागतसमारंभास तिसरा. दिसावयास ते शोभिवंत दिसते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या रांगेत कोण उभा नाही, हे आपण कधी पाहिले आहे काय? वराचा एखादा बालमित्र, जो त्याच्याबरोबर एका बाकावर बसला, एका विहिरीत पोहला, तो लग्नाच्या दिवशी मंडपाच्या मागील खांबाशी उभा असतो. कारण त्या कपड्याचे पैसे ‘ज्याचे त्याने’ द्यावयाचे ठरलेले असते, आणि त्याच्यापाशी ते नसतात. ‘मला बरे नाही’, ‘शेतात पाण्याची पाळी आहे’ असे काही निमित्त तो सांगतो. निमित्त सर्वांस समजते आणि सर्व गप्प राहतात. जो पोशाख मित्रास मित्रापासून दूर उभा करतो, त्यास शोभा म्हणावे काय, ह्याचा विचार आपणच करावा.

आता खर्चाचा हिशेब केवळ उदाहरणादाखल मांडतो. समजा, पाठराखे आठ आहेत आणि एकेकाच्या पोशाखास चार हजार रुपये पडतात. बत्तीस हजार झाले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. म्हणजे हमीभाव पूर्ण हाती पडला असे धरले, तरी साडेसहा क्विंटल सोयाबीन त्या आठ पोशाखांत गेले. आपल्या तालुक्यातील मध्यम कोरडवाहू जमिनीच्या एका एकराचे जवळजवळ सारे पीक ते! बियाणे, खत, फवारणी, निंदण, मळणी हे सारे त्याच पिकातून भागवावयाचे असते, ते वेगळेच. आणि हा पोशाख पुन्हा किती वेळा अंगावर चढतो? बहुधा एकदाही नाही. रंग भडक, कापड चकचकीत. ते कचेरीत चालत नाही, शेतात चालत नाही, दुसऱ्या मित्राच्या लग्नात तर मुळीच चालत नाही, कारण तेथे दुसरा रंग ठरलेला असतो.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम व वर्धा ह्यांबरोबर आपला बुलढाणा जिल्हाही होता. शेतकऱ्याच्या कर्जास लग्न हेच कारण आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. नापिकी, पडलेले भाव, सावकारी व्याज ही कारणे त्याहून मोठी आहेत. परंतु पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. नवरदेवाच्या पाठीशी किती रंगीत जाकिटे उभी करावयाची, हे मात्र संपूर्णपणे आपल्या हातात आहे. ऋण काढून सण करू नये, असे आपले वडील सांगत आले. आपण ऋण काढून सणाचे कपडे शिवतो.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे प्राप्त आहे. नवरदेवाच्या पोशाखाचा खर्च कोणी करावयाचा? कित्येक घरांत आजही तो वधूपित्यावर पडतो. ‘आम्हांस काही नको, फक्त मुलाचा पोशाख तुम्ही करा,’ असे मोठ्या औदार्याने सांगण्यात येते. मग दुकान वरपक्ष निवडतो, कापड वरपक्ष निवडतो, आणि पैसे देताना वधूचा बाप पुढे होतो. पूर्वी धोतरजोडी आणि फेटा एवढाच ज्या मानाचा अर्थ होता, त्याच मानाच्या नावाखाली आज शेरवानी, सूट, जोडे, मनगटी घड्याळ आणि पाठराख्यांचे फेटे एवढे सारे येते. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आपणांस माहीत आहे. त्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन असे ठरले की, मागणी न करता दिलेली भेट चालेल, पण वधूपक्षाकडून वरास मिळणारी भेट रूढीस धरून असावी आणि तिचे मोल देणाऱ्याच्या ऐपतीबाहेर नसावे. १९८५ च्या नियमांप्रमाणे अशा भेटींची लेखी यादी, अंदाजे किंमत व देणाऱ्याचे नाव यांसह, ठेवावी लागते. किती घरांत अशी यादी होते? कायद्याचे भय मी दाखवीत नाही. एवढेच म्हणतो की, जो मुलगा उद्या संसाराचा भार उचलणार, त्याने आपल्या अंगावरचे वस्त्र तरी आपल्या किंवा आपल्या वडिलांच्या कमाईचे ल्यावे. ह्यात त्याची शोभा अधिक आहे.

आता कोणी म्हणतील, दोष दाखविणे सोपे. लग्न तर दारात उभे आहे, मग निवड कशी करावी ते सांगा. तेही अनुभवाने जमविलेल्या चार गोष्टींनी सांगतो.

पहिली गोष्ट ऋतूची. तुळशीचे लग्न झाल्यावर आपल्याकडे कार्ये सुरू होतात, परंतु सुगीचा पैसा हाती येऊन, मुलांच्या परीक्षा आटोपून खरी गर्दी होते ती चैत्र-वैशाखात. त्या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या पुढे असतो. अशा उन्हात अस्तर लावलेली, कृत्रिम धाग्याची, गळ्यापर्यंत बंद शेरवानी घालून नवरदेवास तासन्‌तास उभे करणे ही शिक्षाच होय. कृत्रिम धागा घाम शोषीत नाही. वैशाखातील लग्नास सुती, खादी अथवा कोशाचे कापड घ्यावे. कोसा तर आपल्या विदर्भाचाच. भंडारा जिल्ह्यातील आंधळगावचे विणकर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्याचा मूळचा मधासारखा रंग सावळ्या वर्णास जितका खुलतो तितकी कोणतीही चमकी खुलत नाही. पौष-माघातील कार्य असेल तर जाड कापडाचा बंद गळ्याचा कोट चालेल.

दुसरी गोष्ट अग्नीची. विधीच्या वेळी होमाजवळ बसावयाचे असते, तूप व लाह्या पडताच ज्वाळा उंच उठते. कृत्रिम धाग्याचे उपरणे किंवा सुळसुळीत ओढणी एका ठिणगीने वितळते आणि कातडीस चिकटते. म्हणून विधीचे वस्त्र सुती किंवा अस्सल रेशमी असावे. आपल्या पूर्वजांनी न शिवलेले साधे वस्त्र विधीस ठरविले, त्यात पावित्र्याची भावना होती. ते सोडणेही सोपे, आवरून बसणेही सोपे, हा व्यवहारातील लाभ त्याबरोबर येतो.

तिसरी गोष्ट क्रमाची. पुष्कळ घरांत प्रथम नवरदेवाचा कोट घेतात, मग त्याच्याशी जुळणारा शालू शोधीत फिरतात, आणि शेवटी फेट्याचा रंग दोहोंशी भांडतो. ह्याच्या उलट करावे. प्रथम वधूचा शालू किंवा पैठणी ठरू द्यावी. तिच्या काठाचा रंग फेट्यास घ्यावा. कोट अथवा शेरवानी मग पांढरी, मोतिया किंवा कोशाच्या रंगाची ठेवावी. ती कोणत्याही शालूशेजारी शोभते, आणि पुढे दहा वर्षे इतर कार्यांत वापरता येते. पूर्ण सुटास दुपन्ह्याचे सुमारे सव्वातीन मीटर कापड पुरते; फेट्यास आठनऊ मीटर लागते. हे ठाऊक असले म्हणजे दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. कच्ची शिलाई झाली की एकदा अंगावर घालून, खाली मांडी घालून बसून पाहावे. उभ्याने बेतलेला पोशाख पाटावर बसताना उसवतो, असे प्रकार मंडपात होतात आणि मग टाचण्यांसाठी धावाधाव होते.

चौथी गोष्ट पायांची. नवी चढाऊ जुती लग्नाच्याच दिवशी घालू नये. आठ दिवस आधी घरात घालून ती मऊ करावी. मंडपात ती काढावयाचीच असते, आणि मेव्हण्या ती पळविणारच. तेव्हा तिच्यावर फार द्रव्य घालविण्यात शहाणपण नाही.

राहता राहिला पाठराख्यांचा प्रश्न. माझी सूचना अशी आहे की, एकसारखेपणा हवा असेल तर तो डोक्यावर असावा, अंगावर नसावा. प्रत्येकाने आपला असेल तो स्वच्छ, धुतलेला, इस्तरीचा पांढरा सदरा व पायजमा किंवा धोतर घालावे आणि सर्वांच्या डोईस एका रंगाचा फेटा असावा. सुती फेट्याचे कापड धुऊन ठेवले तर अनेक लग्नांत उपयोगी पडते. छायाचित्रात ती रांग कोणत्याही जाकिटांच्या रांगेहून उठून दिसेल. आणि फेट्यामागे एक मोठा अर्थही आहे. ह्या देशात एके काळी कित्येक समाजांच्या नवरदेवांना घोड्यावर बसण्याची, डोईस फेटा बांधण्याची मनाई होती. काही ठिकाणी अशा कारणावरून वराती अडविल्याच्या वार्ता आजही वाचावयास मिळतात. जे शिरोभूषण मिळविण्यासाठी माणसांना झगडावे लागले, ते सर्व पाठराख्यांस सारखे मिळावे, श्रीमंताच्या मुलास आणि सालदाराच्या मुलास एकाच कापडातून फाडलेले मिळावे, ह्याहून मंडपाची अधिक शोभा कोणती?

आता आपल्या मंडळापुढे एक प्रत्यक्ष प्रस्ताव ठेवतो. मंडळाने एक वेशभांडार सुरू करावे. निरनिराळ्या मापांच्या आठदहा उत्तम शेरवान्या व बंद गळ्याचे कोट, काही रेशमी मुकटे व शेले, आणि दोनतीन रंगांचे शंभरएक फेटे एवढ्यावर आरंभ होईल. धुलाईपुरते शुल्क घ्यावे, नोंदवही ठेवावी, आणि जबाबदारी महिला शाखेकडे द्यावी, कारण वस्त्रे जपण्याची कला त्यांच्यापाशी आहे. घरांत पेट्यांमध्ये पडून राहिलेले लग्नाचे पोशाख लोकांनी येथे दान करावेत. गावोगावच्या मंडळांकडे पंगतीची भांडी व सतरंज्या असतात आणि त्या नेण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मग वस्त्रांतच तो का वाटावा?

परंतु एक अट आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. ह्या भांडारातील पहिला पोशाख आपल्यातील संपन्न घराच्या मुलाने घातला पाहिजे. ज्या दिवशी ते ‘गरिबांचे भांडार’ ठरेल, त्या दिवशी ते बंद पडेल. कारण उसने वस्त्र घालून मुलगा मंडपात उभा आहे हे चारचौघांनी ओळखावे, ह्यापेक्षा कर्ज बरे असे बापास वाटते. पण मोठ्या आडत्याचा, डॉक्टरांचा, अधिकाऱ्याचा मुलगा तोच कोट घालून बोहल्यावर चढला, तर त्या कोटास मान येईल, आणि त्याच्यामागून येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास तो मान फुकट मिळेल. बाशिंगास असाच मान होता. तो कागदाने आणला नव्हता, सर्वांनी घातल्याने आला होता.

कोणी विचारील, एका घराने बदल केल्याने काय होणार? आपल्या वऱ्हाडानेच ह्याचे उत्तर दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी आपल्या मुलीच्या बारशास, ज्ञातीच्या रीतीप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न घालता गोडाधोडाचे साधे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण ते ढळले नाहीत. तेच पुढे गाडगेबाबा झाले. अंगावर चिंध्यांची गोधडी घेतलेल्या त्या पुरुषाने गावोगाव कीर्तनांतून सांगितले की, कर्ज काढून कार्ये करू नका, लुगडे हलके घ्या, पण पोरांना शिकवा. त्या गोधडीपुढे भरजरी शेले घातलेली माणसे माना खाली घालीत. वस्त्राने माणूस मोठा होत नाही, हे ह्याहून स्पष्टपणे कोण सांगणार? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही लग्नांतील अनाठायी खर्चाविरुद्ध आयुष्यभर प्रचार केला आणि सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, नवरदेवाने मळके धोतर नेसून बोहल्यावर उभे राहावे. लग्न हा आनंदाचा दिवस आहे. आईने मुलास नटलेला पाहावा, बहिणीने त्याच्या मुंडावळ्या सारख्या कराव्यात, मित्रांनी फेटे उडवावेत, हे सारे हवेच. नटण्यास माझा विरोध नाही. नटण्याच्या पोटी जे ओझे वधूपित्याच्या खांद्यावर आणि गरीब मित्राच्या मनावर पडते, त्यास विरोध आहे.

तेव्हा ह्या संमेलनातून परत जाताना आपण तीन गोष्टी मनाशी ठरवाव्यात अशी विनंती आहे. वराचा पोशाख वराकडील खर्चाने होईल. पाठराख्यांस फेट्याखेरीज एकसारख्या कपड्याची सक्ती असणार नाही. आणि वेशभांडारास प्रत्येक घर किमान एक वस्त्र देईल. ठराव कागदावर राहतात असा आपला अनुभव आहे. म्हणून हात वर करून मत देण्याचा आग्रह मी धरीत नाही. येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्यापैकी पाच घरांनी जरी हे केले, तरी पुढील संमेलनात ह्या विषयावर भाषण करण्याची गरज उरणार नाही.

चिखलीच्या ग्रामदेवता रेणुकामातेच्या कृपेने आपल्या घरोघरी मंगल कार्ये व्हावीत, मंडप हसते राहावेत आणि मांडव उतरल्यावर मागे कर्ज न राहता केवळ आठवण राहावी, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.